देवगिरी: अंधारीचे पैसे वाचवा, खंदकावर वेळ घालवा

देवगिरीला (म्हणजे दौलताबादला) जाणार असाल तर पहिली गोष्ट, बॅटरी स्वतःची न्या. अंधारीच्या, म्हणजे गडावर नेणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेच्या, तोंडाशी बॅटरी घेऊन वाटाडी पोरं उभी असतात. आमच्यावाला आत शिरताना "पन्नास द्या" म्हणाला आणि वर उजेडात आल्यावर ते माणशी पन्नास झाले. सहा जणांचे तीनशे! हुज्जत घातली, पण दम लागलेला असताना कोण किती भांडणार?

पैशांपेक्षा राग आला तो त्याच्या गोष्टींचा. सगळा भर उकळतं तेल, धूर आणि चकवा खाऊन खंदकात कोसळलेले शत्रू यांच्यावर. पण गडाचं खरं मरण उपासमारीत होतं. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा इथल्या यादव राजाचं, रामदेवरायाचं, सैन्य बाहेर होतं आणि धान्य म्हणून गडावर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं, अशी हकीकत आहे. १६३३ च्या मोगली वेढ्यात शहाजीराजे आणि आदिलशाही फौज बाहेरून रसद पोचवायला धडपडत होती, तरी निजामशाहीचा हा गड गेलाच. आणि १३१८ मध्ये इथल्याच हरपालदेवाची, रामदेवरायाच्या जावयाची, मुबारक खिलजीने जिवंतपणी कातडी सोलली. त्याचं नावसुद्धा वाटाड्याच्या तोंडून निघालं नाही.

म्हणून सांगतो, खंदकाच्या पुलावर थांबाच. समोरचा कडा नैसर्गिक नाही, माणसांनी डोंगर तासून उभा केलाय. छिन्नीचे घाव जवळून दिसतात, आणि घोरपडीलाही नख रोवता येऊ नये इतका तो सरळ आहे. ही भिंत चढून गड घेणं अशक्य, मग शत्रू वेढा घालून वाट बघणार, हे तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं.

अंधारीत पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आहेत, ओल आहे, वटवाघळांच्या विष्ठेने पाय सटकतो. मोबाईलचा उजेड चालवून घेऊ नका. एक हात भिंतीला लागतोच, डोक्याला बांधायची बॅटरी उत्तम. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आत शिरूच नये, वास भयंकर आहे. सुट्टीच्या दिवशी वरून उतरणारे आणि खालून चढणारे आतच अडकतात, त्यामुळे सकाळी दार उघडताच पोचा.

चांदमिनार, भारतमाता मंदिर वाटेवरच आहेत, बघून होतात. चिनी महाल मात्र चुकवू नका. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा औरंगजेबाच्या कैदेत इथेच मेला. जवळच बुरुजावर मेंढा तोफ आहे. अंधारीनंतर वरच्या बारादरी महालापर्यंत सरळ चढ, पाणी भरपूर ठेवा, खाऊची पिशवी वानरांपासून सांभाळा.

संभाजीनगरहून वेरूळ-खुलताबादकडे जाणारी एसटी पायथ्याशी सोडते, अंतर पंधराएक किलोमीटर. खाजगी गाडीवाले "एका दिवसात देवगिरी-वेरूळ" गळ्यात मारतात, ते साफ नाकारा. घाईघाईत दोन्ही वाया जातात. वेरूळ मंगळवारी बंद असतं, तो दिवस देवगिरीला द्या.