कोणते रिचर्ड टेम्पल? एका वंशावळीचा माझा अनुभव

मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेम्पल यांची वंशावळ जुळवायला मला सहा महिने लागले. त्यातले जवळजवळ पाच इंग्लंडमधल्या एका अभिलेखागाराच्या चौकशी-अर्जात गेले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. 1876-77 च्या दुष्काळात आमचा सगळा मुलूख होरपळला. तेव्हा हिंदुस्थान सरकारने टेम्पल यांना दुष्काळी कामांच्या खर्चाला आवर घालायला पाठवलं आणि त्यांनी मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, तेही दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे गाऱ्हाणी मांडली. पण याच टेम्पल यांनी 1874 मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं जगवली होती आणि फार पैसा उधळला म्हणून बोलणी खाल्ली होती. हा माणूस कुठल्या घरातला, हे मला जाणून घ्यायचंच होतं.

लंडनला ब्रिटिश लायब्ररीत वाचकाचा पास सहज मिळाला आणि त्यांचे हिंदुस्थानातले कागदही तिथे पाहता आले. अडलं ते घराण्यापाशी.

अभिलेखागाराच्या अर्जात दोनच रकाने होते: नाव आणि किताब. मी लिहिलं, ‘सर रिचर्ड टेम्पल, बॅरोनेट’ (बॅरोनेट म्हणजे बापाकडून मुलाकडे वंशपरंपरेने जाणारा ‘सर’चा किताब). प्रतींचे पैसे आगाऊ भरले. तीन आठवड्यांनी आले ते बकिंगहॅमशरमधल्या स्टो गावच्या सर रिचर्ड टेम्पल यांचे कागद, जन्म 1634, मृत्यू 1697. तेही बॅरोनेट, तेही राजकारणी, बकिंगहॅमचे खासदार, पण माझ्या माणसाच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचे! मी कळवलं, तर उत्तर आलं की अर्जातल्या नावाप्रमाणेच शोध घेतला आहे, पैसे परत मिळणार नाहीत.

दुसऱ्यांदा मी जोडलं, ‘हिंदुस्थानात नोकरीला होते ते’. पुन्हा महिना गेला. या वेळी मुलगा आला! सर रिचर्ड कार्नाक टेम्पल (1850–1931), अंदमान-निकोबारचे मुख्य आयुक्त, ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपर नियतकालिकाचे संपादक, वडिलांनंतरचे दुसरे बॅरोनेट. नातूही रिचर्डच. तिसऱ्यांदा मी वडिलांचा, म्हणजे गव्हर्नर टेम्पल यांचाच, जन्मदाखला मागितला. पाच आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर: नोंद सापडत नाही. सापडणार कशी? इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली आणि टेम्पल जन्मले 1826 मध्ये. त्याआधीचं सगळं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. तिथे रोज काम करणाऱ्याला हे ठाऊक असणारच, पण पैसे घेण्याआधी एका वाक्यात सांगावं असं कुणाला वाटलं नाही.

शेवटी मी फोन केला आणि नेमक्या एका वयस्कर बाई भेटल्या. त्यांनी एकच विचारलं, ‘बॅरोनेटपद कोणत्या साली निर्माण झालेलं?’ मी म्हटलं, 1876, गाव केम्प्सी, वुस्टरशर, घर द नॅश. तिसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत माझ्या हातात होती. फोन ठेवून मी बराच वेळ नुसती बसून होते.

तेव्हा अर्जात नाव नंतर, साल आधी लिहा. एकाच आडनावाच्या घराण्यांना वेगवेगळ्या काळी वेगवेगळी बॅरोनेटपदं मिळाली आहेत. स्टोच्या टेम्पलांचं पद 1611 चं, म्हणजे पहिल्या जेम्स राजाने ही पदवी सुरू केली त्याच वर्षीचं. तेव्हा ती घेणाऱ्याने आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातल्या 30 शिपायांचा तीन वर्षांचा पगार, 1,095 पौंड, राजाला द्यायचा होता. आणि घर-जमिनीचा माग काढत जाऊ नका. स्टोचे चौथे बॅरोनेट लॉर्ड कोबम 1749 मध्ये वारले तेव्हा वाडा आणि जमीन बहिणीकडे गेली, बॅरोनेटपद मात्र पुरुषांच्याच वंशात चालतं म्हणून लांबच्या चुलतभावाकडे.

आईचं माहेरचं आडनावही जरूर विचारा. मुलाच्या नावातलं ‘कार्नाक’ कुठून आलं ते मला त्याच्या आजीच्या, म्हणजे टेम्पल यांच्या आईच्या, रिव्हेट-कार्नाक या माहेरावरून कळलं. त्याच घराण्यातले सर जेम्स 1839 ते 1841 मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईची गव्हर्नरी या घरात टेम्पल यांच्या आधीच माहितीची होती, हे कळल्यावर सगळ्या त्रासाचं चीज झालं.

राजकारणाची बाजू शोधताना हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे उमरावांच्या सभागृहाच्या, याद्या चाळू नका, मी दोन दिवस घालवले. बॅरोनेट ‘सर’ असला तरी उमराव नसतो. टेम्पल 1880 मध्ये गव्हर्नरी सोडून निवडणूक लढायला परतले, पडले, आणि 1885 मध्ये एव्हशॅममधून हुजूर पक्षातर्फे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे लोकनियुक्त सभागृहात, निवडून आले.

1910 नंतरच्या पिढ्या तुलनेने सोप्या आहेत, कारण त्या वर्षीच्या राजाज्ञेने बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. आणि कुणाला स्टोच्याच टेम्पलांचा शोध घ्यायचा असेल, तर स्टोला जायचं तिकीट काढण्याआधी थांबा. त्या घराण्याच्या कागदपत्रांचा मोठा साठा कॅलिफोर्नियात, हंटिंग्टन लायब्ररीत आहे.