आत्याच्या टाचेतल्या अळ्या

हे लिहू की नको असं पंधरा दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

आमची आत्या ८१ वर्षांची, इथेच इंदूरला, लोकमान्य नगरमध्ये आमच्याकडे असते. पॅरालिसिसनंतर दोन वर्षं पलंगावरच आहे, त्यात शुगर जुनी, म्हणजे पायाला काही कळतच नाही. टाचेला बेडसोर झालेला, ड्रेसिंगला एक दिवसाआड भय्या यायचा. श्रावणात पाऊस लागून राहिला आणि तो तीन दिवस आला नाही, आम्हीही म्हटलं पट्टी कोरडी दिसतेय, राहू दे. चौथ्या दिवशी त्याने पट्टी सोडली आणि म्हणाला, दीदी, इसमें तो कीड़े हैं.

पांढऱ्या अळ्या होत्या, जखमेत डोकं खुपसून बसलेल्या आणि नुसती शेपटं हलताना दिसत होती. आत्याला काहीच दुखत नव्हतं, वास मात्र दोन दिवस येत होता आणि मी त्याला डायपरचा समजत होते, हे मला अजून टोचतं.

डॉक्टर म्हणाले मायासिस, म्हणजे जिवंत अंगात माशीच्या अळ्या होणं. आपल्याकडे बऱ्याचदा क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी असते, ती जखमेच्या कडेला एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते, एका दिवसात अळ्या निघतात आणि पाच-सात दिवस जिवंत मांस खातात. गाई-म्हशींच्या जखमांत पडतात त्या ह्याच. त्यांचं श्वास घ्यायचं छिद्र मागच्या टोकाला असतं, म्हणून टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की गुदमरून वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायच्या. तीन दिवस काढत होते, सोबत आयव्हरमेक्टिनची गोळी. घरी स्वतः उकरू नका, अळी तुटून आत राहते. आणि फक्त जखमच नाही, तोंड उघडं टाकून झोपणारे म्हातारे, नाकात नळी असलेले, त्यांच्या तोंडा-नाकातही होतं.

इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, पण माशीला एक उघडी खिडकी आणि एक ओली पट्टी पुरते. ह्या माश्या दिवसा अंडी घालतात, आणि आम्ही मच्छरदाणी फक्त रात्री लावायचो! आता दिवसाही लावतो, पट्टी भिजली की लगेच बदलतो, आणि रोज तोंड पुसताना आत टॉर्च मारून बघते.

सगळ्यात वाईट वाटलं ते नातेवाइकांच्या फोनचं. "किडे पडले" ही आपल्याकडे शिवी आहे ना, शाप आहे, त्यामुळे एका काकूंनी हळूच विचारलं की मागच्या जन्माचं काही असेल का. अहो, जिने आमच्या तीन पिढ्यांची बाळंतपणं काढली तिच्याबद्दल असं बोलवतं कसं? माशी आहे ती, पाप-पुण्य बघून बसत नाही.

जखम आता लाल, स्वच्छ आहे, भरतेय. काल आत्याने विचारलं, "कुणाला सांगितलंस का गं?" मी म्हटलं, "हो, आणि लिहिणार पण आहे." बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "लिही, पण माझं नाव नको घालूस."