अळूच्या भावकीतली लिली

परवा रविवारी सासूबाई सकाळी परसात गेल्या आणि दोन मोठी पानं घेऊन आल्या, म्हणाल्या, "ह्यो अळू लय तुकतुकीत आलाय बघ, वड्या करूया की." मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळाले, कारण ती पानं कॅला लिलीची होती!

पण खरं सांगू का, त्यांचं फार चुकलं नव्हतं. कॅला लिली नावालाच लिली, असते ती अळू, सुरण, मनी प्लांट आणि अँथुरियमच्या भावकीतली. शास्त्रीय नाव झांटेडेस्किया, त्यात पांढरीचं पुढचं नाव एथिओपिका, आणि गंमत म्हणजे इथिओपियाशी तिचा काही संबंध नाही, ती दक्षिण आफ्रिकेची, तिकडं ओढ्याकाठी पाणथळ जागेत रानात वाढते आणि आफ्रिकान्स भाषेत तिला चक्क डुकराचा कान म्हणतात. आपण लग्नाच्या बुकेत हौसेनं लावतो ती ही. आणि ज्याला आपण फूल म्हणतो ते पांढरं नरसाळं पण फूल नव्हेच, ते एक पानच आहे रूप बदललेलं, खरी फुलं म्हणजे आतल्या पिवळ्या दांड्यावर चिकटलेले बारीक बारीक दाणे. म्हणून तर फूल जुनं झालं की वाळायच्या आधी हळूहळू हिरवं पडायला लागतं.

अळू ओळखायचा तर देठ बघा. अळूचा देठ पानाच्या पोटात, कडेपासून आत जोडलेला असतो, कॅलाचा थेट पानाच्या खाचेत. आणि अळवावरचं पाणी म्हणतात तसे मोती कॅलाच्या पानावर घरंगळत नाहीत. खाज मात्र दोघांची एकच, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची. अळू आपण चिंच घालून शिजवून खातो, कॅलावर तो प्रयोग नको, तोंड-घसा सुजतो. घरात मांजर, कुत्रं, रांगतं पोर असेल तर कुंडी वर ठेवा.

आता माझा घोळ सांगते. तीन वर्षांपूर्वी एका नर्सरीतून पांढरीचे चार गड्डे आणि रंगीत (पिवळी आणि जांभळट) असे सहा कंद आणले, रंगीत बरेच महाग होते. विकणाऱ्यानं सांगितलं सगळ्यांना भरपूर पाणी लागतं. मग काय, मे संपता संपता सगळे मोरीच्या पाण्याच्या पाटाला, अळूच्या शेजारी. जूनमधे कोंब बघून मी खूष. जुलैत पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्या आठवड्यात आमच्याकडं आठ दिवस ऊन नाही, आणि एक दिवस पिवळीचं पान सहज धरलं तर अख्खं बुडासकट हातात आलं, खाली नुसता घाण वासाचा चिखल. बॅक्टेरियाची कूज ती, एकदा लागली की औषध नाही. सहाच्या सहा गेले. आणि पांढरी? तिथंच, त्याच चिखलात, डुलत उभी!

म्हणजे पांढरी वागते अळूसारखी, मुळाशी ओल पाहिजे. रंगीत जाती वेगळ्या, त्यांना पाण्याचा निचरा लागतो आणि वर्षातून एकदा झोप लागते. आपल्या कोल्हापूरच्या पावसात जमिनीत रंगीत कॅला लावणं म्हणजे पैसे पंचगंगेत टाकणं.

आता मी रंगीत फक्त कुंडीत लावते, तेही दसऱ्यानंतर. तांबडी माती, कोकोपीट, जाड वाळू, थोडं गांडूळखत, कंद तीन-चार इंच खोल, डोळे वर. वरची माती सुकली की मगच पाणी. जानेवारीत फुलं येतात. फुलं संपून पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी कमी करत बंद, कंद काढून सावलीत वाळवून पेपरात गुंडाळून कॉटखाली. पाऊस संपेपर्यंत तिकडं बघायचं पण नाही.

पांढरीचं काय, ती पेरूच्या झाडाखाली आहे, दुपारचं ऊन लागत नाही. एप्रिल-मेत मात्र ती मान टाकते, तेव्हा माहेरहून आणलेलं उसाचं पाचट बुडाला जाड घालते, ओल टिकते. पहिल्या वर्षी शेणखत पाटीभर ओतलं होतं तर नुसती पानंच पानं, फूल एक नाही. खत जास्त झालं की माजते ती. आणि सकाळी पानांच्या टोकाला थेंब लटकलेले दिसतात ते दव नव्हे बरं का, जादा झालेलं पाणी झाडच बाहेर सोडतं.

फूल कात्रीनं कापू नका, दांडा बुडाशी धरून हलका पीळ देऊन ओढायचा, अलगद निघतो. फ्लॉवरपॉटमधे पाणी दोन-तीन इंचच, नाहीतर दांडा चिरून कुरळा होतो. आमच्याकडं पहिलं फूल अंबाबाईच्या फोटोला, बाकीची मग हॉलमधे.

सासूबाईंनी आता वाफ्यात मधोमध विटांची ओळ घातलीय. अलीकडचा वडीचा, पलीकडचा सूनबाईचा.