दोन वर्षांपूर्वीचा पगार

आज लेकीच्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात जाऊन आले. इथे अमेरिकेत २०२५-२६ च्या मदतीचा हिशेब २०२३ च्या टॅक्स रिटर्नवरून होतो. तेव्हा ह्यांची नोकरी जोरात होती. फाफ्साचा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीच्या अर्जाचा, फॉर्म भरून झाला आणि मार्चमध्ये ले-ऑफ! मग मदतीचं पत्र आलं, ते भलत्याच कुणाच्या घराला लिहिल्यासारखं.

काउंटरवरची बाई मात्र बरी निघाली. म्हणाली, फॉर्ममधला आकडा तुम्ही बदलू नका, आमच्याकडे अर्ज द्या. बदललेली परिस्थिती बघून कॉलेज हिशेबातले आकडे स्वतः बदलू शकतं, ह्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. निर्णय कॉलेजचाच, त्यावर सरकारी खात्याकडे दाद मागता येत नाही. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे-स्लिप, बेकारी भत्त्याचे कागद, यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज, एवढं हवं. मी चांगली लांबलचक कर्मकहाणी लिहून नेली होती. तिने ती बाजूला सारली आणि सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी जाताना कंपनीने दिलेल्या, रकमेखाली पेनाने रेघ मारली. “हेसुद्धा धरणार.” धरा बाई, निदान ह्या वर्षाचं तरी आहे!

गाडीत लेक म्हणाली, “आई, हात पसरल्यासारखं वाटलं गं.” मला नाही वाटलं. इतकी वर्षं टॅक्स मुकाट्याने भरलाच ना?

दुसऱ्या कॉलेजचीही ऑफर हातात असेल तर तिथे वेगळा अर्ज करावा लागतो, हे कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते. उत्तर यायला काही आठवडे लागतील म्हणे. तोवर फीचा हप्ता पुढे ढकलून मिळतो का, ते उद्या विचारायचंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.