शेपटीवरचा झेंडा

विमानतळावर वेळ काढायचा माझा आवडता उद्योग म्हणजे काचेतून विमानांच्या शेपट्या ओळखणं. कुठे मेपलचं पान, कुठे कांगारू, कुठे लाल पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस. देश इतका ठसठशीत मिरवणारा दुसरा धंदा मला तरी ठाऊक नाही. बरं, यातल्या कित्येक कंपन्या सरकारनं कधीच विकून टाकल्यात.

त्या क्रॉसचंच बघा. स्वित्झर्लंडच्या 'स्विसएअर'चे बहुतेक समभाग खासगी हातांत होते. 2 ऑक्टोबर 2001 ला तिच्याकडचे पैसे संपले आणि विमानं जागच्या जागी थांबली. एरवी कंपनी बुडाली की बाजाराकडे बोट दाखवून सगळे मोकळे होतात. इथे सरकारनं, कॅन्टनांनी (म्हणजे तिथल्या प्रांतांनी) आणि बड्या उद्योगांनी पैसे ओतून 'स्विस' उभी केली. पुढे तीही जर्मनीच्या लुफ्तान्सानं घेतली. क्रॉस अजून आहे.

मार्गारेट थॅचर यांचा किस्सा तर नामी. ब्रिटिश एअरवेज 1987 मध्ये खासगी झाली ती त्यांच्याच राजवटीत. दहा वर्षांनी कंपनीनं शेपटीवरचा झेंडा काढून देशोदेशीची चित्रं रंगवायला घेतली, तेव्हा बाईंनी पक्षाच्या अधिवेशनात त्या विमानाच्या प्रतिकृतीवर चक्क हातरुमाल टाकला. कंपनी विकायला हरकत नव्हती, शेपटी विकायला होती! काही वर्षांत झेंडा परत आला.

हा नुसता भावनेचा मामला नाही. 1944 च्या शिकागो करारानं प्रत्येक विमानाला, जिथे नोंदणी तिथलं, राष्ट्रीयत्व दिलंय. अमेरिकेत विमान कंपनीचे मताधिकाराचे 25 टक्क्यांहून जास्त समभाग परकीयांना घेता येत नाहीत. मुक्त बाजाराचे पाठ जगाला देणारा हाच तो देश.

आपल्याकडे टाटांची एअर इंडिया 1953 मध्ये सरकारी झाली. तिचा महाराजा मात्र त्याआधीचा, 1946 चा. 1971 मध्ये सरकारनं खऱ्या राजेमहाराजांचे तनखे बंद केले. हा पगडीवाला मात्र सरकारी नोकरीत कमरेत वाकून उभाच. कंपनीच्या तोट्यावर आपण पोट भरून बोललो. पण 1990 मध्ये तिनं कुवेतमधून निघालेल्या लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून घरी आणलं, तेव्हा हिशेब कुणी विचारला नाही. सरकारी कंपनी हवी ती याचसाठी, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं.

27 जानेवारी 2022 ला ती टाटांकडे परत गेली. महिनाभरात युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन बुखारेस्टहून मुंबईला उतरलेलं पहिलं विमान एअर इंडियाचंच होतं, आता खासगी झालेल्या. आणि पाठोपाठ निघाल्या इंडिगो, स्पाइसजेट, ज्यांना 'राष्ट्रीय' म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.