सुधाकराच्या ओळीत कोण?

दहावीला मराठी शिकवणाऱ्या आमच्या सरांना पुस्तकाबाहेर जायला निमित्त लागत नसे. एकदा विषय गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकावर गेला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, दारू पिऊन बायकोला मारतोय आणि ह्यो नायक?” वर्ग हसला. सर गंभीर झाले. म्हणाले, “सुधाकर हुशार आहे, मानी आहे. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडाला, काही काळ वकिलीची सनद गेली, तो अपमान त्याला गिळता आला नाही. तळीरामानं पेला पुढं केला तो तेव्हा. ज्या गुणानं माणूस उठून दिसत होता त्यानंच त्याचा घात केला, म्हणून तो शोकांतिकेचा नायक. आणि आपण काय केलं हे शेवटी त्याला कळतं रे!”

कर्णाचेही तसेच. कवचकुंडले मागणारा याचक कोण हे ठाऊक असून तो देतो. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, शिवाय कोल्हापुरात शिक्षक होते, याचा सरांना कोण अभिमान!

अँटीहीरो, म्हणजे नायकाचे गुणच नसलेला नायक, मात्र शाळेने दाखवला नाही. तो कॉलेजात भेटला. नेमाड्यांच्या ‘कोसला’ कादंबरीतला (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, वडिलांचे पैसे उडवतो, नापास होऊन गावी परततो. पडायला मुळात उंचीच नाही. तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर (१९७२) तर नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो, घरचे नियम आधीच ऐकवतो, जगाच्या ढोंगाला शिव्या घालतो आणि शेवटी चंपाचा खून करतो. सुधाकरासाठी जीव हळहळतो. सखारामासाठी हळहळत नाही, पण मध्येच त्याच्या एखाद्या वाक्याला आपली मान डोलते आणि मग आपलीच लाज वाटते. ही लाज मला सुधाकराने कधी दिली नाही.

अडतो तो खांडेकरांचा ययाती. खांडेकर तर कोल्हापूरकरच झालेले; ‘ययाति’ला १९७४चे ज्ञानपीठ मिळाले. ययाती राजा आहे, म्हणजे उंची आहे. पण पोटच्या पोराकडे तारुण्य मागणाऱ्यात थोरवी कुठली? शेवटी डोळे उघडतात, तेवढ्यावर त्याला सुधाकराच्या ओळीत बसवायचे? सर बसवत. मी बसवत नाही. शाळेच्या महोत्सवाच्या मेळाव्याला येणाऱ्या आमच्या बॅचने कादंबरी पुन्हा वाचून यावे. हा वाद मी अजून सोडलेला नाही.