खतपेटीला दार नको

परसातल्या खतपेटीला मी आधी दार लावलं होतं. दोन चकचकीत बिजागऱ्या, एक कडी, वरून हिरव्या रंगाचे दोन हात. महिनाभराने ढीग उलटा-पालटा करायला गेले तर कडी सरकेना, कारण आतला सगळा माल दारावर रेलून बसला होता. हातोडीने ठोकून कडी काढली, तसं दार फटकन उघडलं आणि अर्धा ढीग माझ्या पायांवर आला. तो पुन्हा आत लोटून दार लावणं म्हणजे गच्च भरलेल्या ट्रंकेवर बसून तिचं कुलूप लावण्यातला प्रकार. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. "पेटी केलीस की कपाट?" एवढंच म्हणाल्या.

पेटी म्हणजे सामान लादायचे जुने लाकडी पॅलेट सोडवून, त्यांच्या फळ्यांचा केलेला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच सांगाडा. पॅलेट आणताना त्यावरचा ठसा बघायचा. 'एचटी' असेल तर लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं असतं. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते लाकूड फुकट मिळालं तरी नको. फळ्या सोडवताना पहारीने उचकटायच्या भानगडीत पडू नका. त्यातले खिळे पिळाचे असतात, ते लाकूड सोडत नाहीत. माझ्या पहिल्या तीन फळ्या टोकाशी उभ्या चिरल्या. मग दोन लाकडांच्या फटीत हॅकसॉचं पातं घालून खिळेच कापत गेले. कंटाळवाणं काम आहे, पण फळी शाबूत निघते.

बाजूच्या फळ्या ठोकताना दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवली. तळाला लाकूड नाहीच. पेटी थेट मातीवर, म्हणजे गांडुळं खालून आपली आपण येतात. उंदीरही त्याच वाटेने येतात, म्हणून खाली 12 मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी अंथरली. गांडूळ त्यातून जातं, मोठा उंदीर जात नाही.

दाराच्या जागी आता दोन्ही उभ्या खांबांना दोन-दोन पट्ट्या ठोकून खाच केली आहे. त्यात फळ्या वरून एकेक सोडायच्या. ढीग वाढेल तशी फळी चढवायची, खत काढायचं असेल तर वरच्या दोन-तीन उचलायच्या. यातही पहिल्यांदा चुकलेच. फळी 18 मिलिमीटर जाड, मी खाचही तेवढीच बेतून ठेवली. ओलीने फळ्या फुगल्या आणि जाम बसल्या. आता खाच 24 मिलिमीटरची आहे, फळ्या थोड्या खुळखुळतात, खुळखुळू देत.

सुतारकाम मात्र सोपा भाग निघाला. खरी फजिती पुढेच होती.

पहिले तीन आठवडे मी त्यात फक्त स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकला. सालपटं, देठं, चहाचा चोथा. वाटलं, खत तर याचंच होतं. चौथ्या आठवड्यात सडक्या अंड्यासारखा वास सुटला. काठी खुपसली तर खाली काळा, चिकट लगदा. ओला माल स्वतःच्याच वजनाने बसतो, मधली हवा जाते आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात. तो वास त्यांचा. सगळा लगदा बाहेर पसरून त्यात वाळका पाचोळा कालवला, तळाशी काटक्यांचा वीतभर थर दिला. चार दिवसांत वास गेला. नंतर एकदा कापलेलं ओलं गवत भरमसाट घातलं तेव्हा वेगळाच वास आला, डोळ्यांत पाणी आणणारा, अमोनियाचा. म्हणजे नत्र जास्त, कार्बन कमी. इलाज तोच, पाचोळा. तेव्हापासून माझा हिशोब पक्का आहे: एक बादली ओलं, वर दोन-अडीच बादल्या सुकं. पुस्तकी भाषेत कार्बन-नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असावं लागतं. ते काही बादल्यांचं माप नव्हे, पण या अंदाजाने त्याच्या आसपास जाता येतं. पाचोळ्याची दोन पोती नेहमी पेटीशेजारी भरलेली असतात. पोती संपली की मी ओला कचरा टाकणंच थांबवते.

पाण्याला यंत्र नको. मूठभर माल घेऊन घट्ट पिळायचा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला की बेस. धार लागली तर सुकं घाला, नुसताच भुगा सुटला तर पाणी शिंपडा. किळस वाटत असेल तर हातमोजे घाला, मी पहिल्या आठवड्यानंतर सोडून दिले.

पेटी तीन फुटांची का, तर त्याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. एका रविवारी पोतीभर पाचोळा, गवत आणि साठवलेला कचरा एकदम भरला, विरजण म्हणून दोन घमेली जुनं खत मिसळलं. चौथ्या दिवशी मधोमध लोखंडी गज खुपसून पाच मिनिटांनी ओढला. हातात धरवेना. तापमापी लावली तर 58 अंश, आणि फळ्या काढल्यावर आतून वाफ. 55 च्या वर सलग काही दिवस राहिलं तर तणाचं बहुतेक बी मरतं. पण रोज ओंजळ-ओंजळ टाकून एवढी उष्णता येत नाही, त्या ढिगाला सहा-आठ महिने द्यावेच लागतात.

आणि इथेच एका पेटीची गोची आहे. वरून रोज नवीन पडत राहिलं तर खालचं कधी तयार झालं म्हणायचं? मी शेवटी पेटी बंद केली आणि पाच महिने काही टाकलं नाही. तीन फुटांचा ढीग फूटभर उरला. चाळणीतून पडलेला माल काळसर, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीच्या वासाचा. चाळणीवर राहिल्या काही काटक्या, एक हरवलेला चमचा आणि फळांवरचे चौदा स्टिकर, अक्षरं वाचता येतील असे. आता सासूबाई फळ सोलायच्या आधी स्टिकर काढून खिडकीच्या काचेला लावतात.

दुसऱ्या पेटीसाठी पॅलेट आणून ठेवलेत, ठसे बघून. बिजागऱ्या खिळ्यांच्या डब्यात पडून आहेत, रंग अजून गेलेला नाही.